माझ्या चौकटीतली भोकं

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो, आणि माझ्या चौकटीला खिळ्यांची भोकं आहेत. नाताळच्या आधी घराला रंग लागतो तेव्हा रंगारी दरवर्षी विचारतो, "ही भोकं लांबी भरून बुजवून टाकू का, बाय?" आणि घरची लेक इझाबेल दरवर्षी सांगते, "नको. असू देत." का असू देत, ते ती रंगाऱ्याला सांगत नाही. तुम्हाला मी सांगते, कारण ती भोकं तिनेच पाडली आहेत. परक्याने पाडली असती तर मी केव्हाच विसरले असते.

आमचं घर भुईगावात. पुढे अंगण, मागे वाडी, वाडीपलीकडे समुद्राची गाज. काशिनाथ सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं. माणूस भारी चिकट. झडप लावायचा, बोट फिरवायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा रंधा मारायचा. घरधनी सिप्रियन चिडून म्हणाला, "अरे, खिडकी करतोयस की देवळातला आल्तार?" काशिनाथ हसून म्हणाला, "केळ्यांच्या खोलीची खिडकी आहे ना? मग लागली तर मुंगी शिरता कामा नये, आणि उघडली तर वाडी आत आली पाहिजे."

हो, मी केळ्यांच्या खोलीची खिडकी. तेव्हा वाडीतल्या केळ्यांचे हिरवे लोंगर, म्हणजे अख्खे घड, या लांब खोलीत पिकायला ठेवत. लोंगर रचायचे, त्यांच्यावर केळीची सुकी पानं पांघरायची, मधोमध एक पिकलेली फणी ठेवायची आणि मला घट्ट लावून घ्यायचं. मग बघा गंमत! त्या एका पिक्या फणीमुळे शेजारचा लोंगर पिवळा व्हायचा, त्याच्यामुळे त्याच्या शेजारचा, असं करत करत पार भिंतीपर्यंत. खोली पिकली की मला सताड उघडायचं. उघडायला उशीर झाला तर सगळा माल काळा पडून हातचा जायचा. म्हणून सिप्रियन रोज सकाळी माझ्याजवळ यायचा, नाक लावून वास घ्यायचा आणि मग ठरवायचा. पाहुण्यांना तो सांगायचा, "आमच्या घरात खरी अक्कल या खिडकीला आहे." मला तेव्हा किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

सिप्रियनचा मुलगा फर्डिनंड, त्याची बायको रेजिना, आणि त्यांची एकुलती एक लेक इझाबेल. ही इझाबेल माझ्या अंगाखांद्यावर वाढली म्हटलं तरी चालेल. गज धरून चढायची, पाय बाहेर सोडून बसायची, केळ्याची सालं खाली कोंबड्यांना टाकायची. पिकी फणी लोंगरांच्या मधोमध ठेवायचा मान आजोबाने तिला दिला होता. नाताळ जवळ आला की खोबरेल तेलाची वाटी घेऊन यायची आणि माझ्या झडपांना तेल चोळायची. चोळता चोळता बडबड चालू. "तू माझी हं. तुला कोणी काही केलं तर मला सांग. मी बघून घेईन त्याला."

लहान पोर बोललं, आणि मी ते खरं धरून बसले.

पुढे सिप्रियन गेला. बाहेरगावची केळी ट्रक भरभरून येऊ लागली, आमच्या वाडीतली केळी कमी झाली, आणि लांब खोली रिकामी पडली. मला वाटलं, संपलं आपलं. पण तिकडे वालीवला कारखाने उभे राहत होते. इझाबेल मोठी झाली आणि तिथल्या कंगव्यांच्या कारखान्यात कामाला लागली. लांबच्या गावांतून आलेल्या मुलींना राहायला जागा मिळत नव्हती. इझाबेलच आईला म्हणाली, "आपली केळ्यांची खोली ओस पडलीय. त्यापेक्षा मुली राहतील, घरात जाग राहील." रेजिना मुळात माणसांची भुकेली. तिला कल्पना एकदम पसंत पडली.

खाटा आल्या. एका ओळीत अशा दाटीने लागल्या की झोपेत हात पसरला तर शेजारणीच्या उशीवर पडावा. इझाबेलने स्वतःची खाट अगदी कडेला, माझ्या खाली लावली. मधोमध प्रेमलता. तिच्या एका अंगाला बेटी, दुसऱ्या अंगाला क्लेमेंटीन, आणि त्यांच्या पलीकडे आणखी दोघी-तिघी. पिण्याच्या पाण्याचा एक माठ आणि त्यावर सगळ्यांत मिळून एक पेला.

ते दिवस फार छान होते, मित्रांनो. कामावरून आल्या की मुली मला उघडत आणि माझ्यासमोर केस सोडून बसत. कारखान्यातल्या मुकादमाच्या नकला करत. हसून हसून बेटीला ठसका लागे. प्रेमलता त्यांच्यात वयाने लहान, वाडा तालुक्यातल्या एका पाड्यातली. तिची आई तिला पोचवायला आली तेव्हा तिने लेकीचा हात इझाबेलच्या हातात दिला होता. "बाय, मला हितलं काय ठावं नाय. पोर तुझ्या भरवशावर ठेवून चालले."

"काळजी करू नका, मावशी. माझी बहीणच आहे ती," इझाबेल म्हणाली.

प्रेमलताच्या तोंडी सदा धाकट्या भावाचं नाव. आमचा मधू असा, आमचा मधू तसा, आमचा मधू ताटातला भात आधी कोंबडीला देतो आणि मग रडतो. कारखान्यातून तिने दात तुटलेला एक लाल कंगवा मागून आणला होता. त्याला पातळ कागद लावून ओठांशी धरला आणि फुंकलं की पीं-पीं असा आवाज निघे. "गावाला गेले की मधूला देणार. दिवसभर वाजवून आईचं डोकं उठवील," असं म्हणून ती माझ्यात बसून तो वाजवायची. क्लेमेंटीन कानांवर हात ठेवून ओरडायची, "मधूच्या आधी आमची डोकी उठलीत, त्याचं काय?"

मग तो नाताळ गेला. थंडी पडली. कारखान्यात कोणीतरी खोकत होतं म्हणे. एके संध्याकाळी प्रेमलता कुडकुडत घरी आली. अंग गरम, डोळे लाल, घसा बसलेला. तशातही दुसऱ्या दिवशी कामाला गेली, कारण खाडा पडला तर मुकादम कामावरून काढील ही भीती. संध्याकाळी आली ती बेटीच्या खांद्यावर मान टाकूनच.

रेजिनाने कपाळाला हात लावून पाहिला. "अगो बाय, केवढा ताप! वारा लागला पोरीला. ती खिडकी लावा आधी."

मला लावलं. ठीक आहे, थंडीत लावतातच. मी काही एवढ्यातेवढ्यावरून रुसणारी नाही.

रेजिनाविषयी माझ्या मनात आजही अढी नाही, हे आधीच सांगून टाकते. तिने त्या पोरीसाठी काय नाही केलं! पेज करून भरवली, आल्याचा काढा दिला, पाय चेपले. प्रेमलता हिंदू, रेजिना ख्रिस्ती. पण रेजिना म्हणाली, "माऊली मरिया काय जात विचारते?" आणि तिने आजारी पोरीसाठी रोजची रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, लांब खोलीतच म्हणायची ठरवलं. खाटेशेजारी स्टूल, स्टुलावर मरियेची तसबीर आणि पेटती मेणबत्ती. दार लावलेलं, मी लावलेली. सगळ्या मुली प्रेमलताच्या खाटेभोवती गुडघे टेकून, खांद्याला खांदा लावून बसायच्या आणि मोठ्याने प्रार्थना म्हणायच्या, गायच्या. मधूनच प्रेमलताला खोकल्याची उबळ यायची. ती थांबली की पुन्हा गाणं सुरू. माझ्या काचा आतून घामेजून जायच्या.

माझी कडी तोवर जुनी झाली होती. कडीचा कोयंडा ढिला पडला होता, फर्डिनंडला कितीदा सांगून झालं होतं, आणि तो "उद्या बघतो" म्हणायचा. त्या दिवशी रोझरी चालू असताना वाडीतून वाऱ्याचा एक झोत आला. कडी निसटली, माझी झडप धाडकन उघडली आणि मेणबत्ती विझली.

रेजिनाने घाईघाईने क्रूसाची खूण केली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आजाऱ्याच्या उशाशी मेणबत्ती विझली," ती कशीबशी म्हणाली. "माझ्या आईच्या वेळी अशीच विझली होती."

"आई, कडी ढिली आहे, दुसरं काही नाही," इझाबेल म्हणाली. "बाबांना सांगून नवी बसवून घेऊ."

"नवी कडी कधी येणार? तोवर ही मेली पुन्हा उघडली तर? आधी वारा आत सोडून पोरीला पाडलं, आता मेणबत्ती विझवते! खिळे ठोक हिला."

"आई, पण..."

"तुझ्या भरवशावर सोडलीय ना तिच्या आईने? मग ऐक माझं. खिळे ठोक."

इझाबेलने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही नाही म्हणेल. दुसऱ्या कुणाला तरी ठोकायला सांगेल. निदान रडेल तरी. पण ती पडवीत गेली, हातोडी आणि खिळ्यांचा डबा घेऊन आली, आणि एकेक खिळा माझ्या अंगात घातला. नेमकं कुठे ठोकायचं हे तिला बरोबर ठाऊक होतं, कारण कुठल्या फटीतून वारा येतो ते माझ्याशी खेळता खेळताच तिला कळलं होतं ना! वरून फटींत चिंध्या कोंबल्या. काशिनाथाने मला कधी इतकं घट्ट केलं नव्हतं. एवढं करून ती माझ्याकडे पाठ फिरवून पुन्हा रोझरीला बसली.

खोबरेल चोळणारे तेच हात हो! मी कुणाला काय सांगणार?

नंतरचे दिवस मी आतलं नुसतं बघत होते. प्रेमलता खोकायची. तिने श्वासातून सोडलेलं बेटी आत घ्यायची, बेटीने सोडलेलं पलीकडची. हवा जायला वाटच नव्हती. तीच हवा फिरून फिरून सगळ्यांच्या छातीत जात होती. पेला एकच, टॉवेल एकच, प्रार्थनेला घोळका तोच. मला हे दिसत होतं. पण खिळे ठोकलेल्या खिडकीला विचारतो कोण!

आधी बेटी पडली. तिच्या मागोमाग क्लेमेंटीन. मग त्यांच्या पलीकडच्या. खोकला असा की एकीचा थांबला की दुसरीचा सुरू. आणि ऐका, खापर कुणावर फुटलं असेल? बेटी पांघरुणातून मान काढून म्हणाली, "ही खिडकीच मेली अपशकुनी." रेजिना म्हणाली, "आधी वारा आत शिरला तो शिरला. बाहेर निघतच नाही मेला."

अहो, निघेल कसा? मी बंद होते!

बाकीच्या मुली तापाने फणफणल्या, अंगदुखीने कण्हल्या, पण निभावल्या. प्रेमलताचं मात्र बिघडत गेलं. ताप उतरल्यासारखा झाला आणि पुन्हा चढला. बरगड्या भात्यासारख्या हलायला लागल्या. एक वाक्य बोलायला दोनदा श्वास घ्यावा लागे. फर्डिनंडने वसईहून डॉक्टर आणला. त्याने इंजेक्शन दिलं, छातीत न्युमोनिया झालाय म्हणाला, पोरीच्या घरी कळवा म्हणाला, आणि पुढच्या घरी धावला, कारण त्या दिवसांत घरोघरी हीच तऱ्हा होती. फर्डिनंडने वाड्याकडे जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडला.

प्रेमलताची आई आली. आल्या आल्या लेकीच्या उशाशी बसली ती हललीच नाही. पदराने तिचं तोंड पुसायची, त्याच पदराने स्वतःचे डोळे. "मधू तुझी वाट बघतो गं," असं तिच्या कानाशी सांगत राहायची. तीही त्याच खोलीत, त्याच हवेत.

एका पहाटे रेजिना चर्चमध्ये मिस्साला गेली होती आणि प्रेमलताची आई विहिरीवर. इझाबेलला जाग आली. तिचा घसा धरला होता. ती उठून बसली आणि खाटांकडे पाहत राहिली. मधोमध प्रेमलता. तिच्या दोन्ही अंगांना बेटी आणि क्लेमेंटीन, ज्या आधी पडल्या. त्यांच्या पलीकडे, ज्या नंतर पडल्या. आणि सगळ्यांत शेवटी, कडेच्या खाटेवर, ती स्वतः. खोलीत उबट, कोंदलेला वास. तिने लहानपणी आजोबाबरोबर करायची तसं नाक वर करून वास घेतला.

"पिकी फणी," ती पुटपुटली. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. "देवा, आपण केळी पिकत घातल्यासारखी ही पोरं घातली."

ती पकड घेऊन आली. खिळे निघता निघत नव्हते. माझं लाकूड कुरकुरलं, चिरफाळलं, एका कोपऱ्यात त्याचा ढलपा उडाला. तिच्या हाताला लागलं. पण शेवटी मी उघडले. वाडीतली गार हवा आत आली. प्रेमलताने मान वळवली आणि तोंड माझ्या बाजूला करून पडून राहिली.

लगेच चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. डॉक्टरच्या औषधाने त्याचं काम केलं, हवेने हवेचं. इझाबेलने तापातच खाटा एकमेकींपासून ओढून लांब केल्या, दोन खाटा ओसरीवर नेल्या, प्रत्येकीला वेगळा पेला दिला. ती स्वतः पडली, पण तिच्यानंतर घरच्यांपैकी नव्याने कुणी पडलं नाही. प्रेमलताचा श्वास हळूहळू शांत झाला.

त्या पहाटे रेजिना मिस्साहून आली तेव्हा दारातच थबकली. "खिडकी कुणी उघडली?"

"मी."

"का?"

मी कान टवकारले. आता हिने सांगावं. तुझी समजूत चुकली, माझीही चुकली, खिडकीचा काही दोष नव्हता. एवढंच! पण रेजिनाचे डोळे जाग्रणाने सुजले होते, हात काढे उकळून भाजले होते. त्या तोंडाकडे बघून इझाबेलला खरं सांगवेना.

"कोंदट झालं होतं, आई," ती म्हणाली. आणि पुढे पोरीला उतार पडू लागला तेव्हा रेजिनानेही पुन्हा काही विचारलं नाही.

म्हटलं, असू दे. घरातल्या घरात आहे. पुढे कधीतरी बोलेल.

प्रेमलता उठून बसायला लागली तशी तिच्या आईने गाठोडं बांधलं. लेकीला घरी नेऊन धडधाकट करून पाठवते म्हणाली. निघायच्या वेळी ती आईच खोकत होती. पदर तोंडाला लावून म्हणाली, "लई केलंत पोरीचं. पन येवढं झालं तरी कशानं?"

रेजिनाने माझ्याकडे बोट दाखवलं. "त्या खिडकीमुळे. थंडीचा वारा लागला. सांभाळा हो, अजिबात वारा लागू देऊ नका."

प्रेमलताच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने इझाबेलला विचारलं, अगदी सरळ तोंडावर विचारलं, "तू तिथंच निजत हुतीस ना, बाय? वाराच लागला ना?"

इझाबेलने आईकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. तिने ठोकलेल्या खिळ्यांची भोकं तिच्यासमोर होती. खरं सांगायचं तर आईची चूक चारचौघांत काढावी लागणार होती, आणि आईच्या आधी स्वतःची.

"हो, मावशी," ती म्हणाली. "वाराच लागला."

केसाने गळा कापला हो माझा! खिळे ठोकले तेव्हा तिला कळत नव्हतं, ते मी सोसलं. पण आता तर तिला सगळं कळत होतं.

आणि मित्रांनो, गोष्ट माझ्या अब्रूवर थांबली असती तरी मी गप्प बसले असते. पण ती आई काय म्हणाली माहीत आहे? गाठोडं डोक्यावर घेत ती समाधानाने म्हणाली, "मंग आमच्याकडं काय भ्या नाय. आमच्या घराला खिडकीच नाय. दार लावलं की वाऱ्याचं नाव नाय. समदी पोरं एका अंथरुनात उबेला निजत्यात. हिला मधूच्या शेजारी निजवीन, लवकर बरी हुईल." आणि तिला पुन्हा खोकल्याची उबळ आली.

इझाबेलने ते ऐकलं. ती दारापर्यंत गेली. तिचा हात थोडा वर झाला. मी मनातल्या मनात ओरडत होते, जा, धाव, एसटी सुटायच्या आत सांग! त्या दोघी कुंपणाच्या कडेने हळूहळू चालत होत्या, प्रेमलता मध्ये मध्ये थांबत होती. गाठायला काही धावावंसुद्धा लागलं नसतं. पण इझाबेलचा हात खाली आला. ती आत आली आणि पेले घासायला बसली.

शिमगा झाला आणि प्रेमलता परत आली. अंगात मांस भरलं होतं, पण चेहरा ओळखू येत नव्हता. रेजिना वाल सोलत बसली होती. तिने हसून हाक मारली, "आलीस गो बाय! तुझा मधू काय म्हणतो? कंगवा वाजवतो का?"

प्रेमलता खाटेवर बसली. पिशवीतून तिने तो लाल कंगवा काढला आणि मांडीवर ठेवला.

"मधू गेला, मावशी."

रेजिनाने वाल बाजूला सारले.

"आम्ही घरी पोचलो तवा आई तापली. मंग बाकीची पोरं. ती उठली. मधू ल्हान, त्याला नाय झेपलं." ती कंगव्याच्या दातांवरून बोट फिरवत होती. मग मान वर करून ती निरागसपणे म्हणाली, "तुम्ही सांगितलं तसंच केलं हो आम्ही. दार लावून घेतलं, फटीत कपडे कोंबले. त्याला वारा लागूच दिला नाय. तरी गेला."

इझाबेल माझ्या खाली बसली होती. तिने माझा गज घट्ट धरला. आणि मग तिने सांगितलं. आईसमोर, सगळ्या मुलींसमोर, काही राखून न ठेवता. खिडकीने नाही झालं. खिडकी बंद केल्याने झालं. मी खिळे ठोकले. आपण सगळ्या एकाच हवेत कोंडून बसलो आणि एकीचं दुसरीला लागत गेलं. तुझ्या आईलाही इथेच लागलं.

प्रेमलता ऐकत राहिली. तिने फक्त विचारलं, "आई निघाली तवा तुला हे ठाऊक हुतं?"

"हो."

"तिनं इचारलं हुतं तुला. मी तिथंच हुते."

प्रेमलता उठली, माझ्याजवळ आली आणि तो कंगवा माझ्या फळीवर ठेवला. आपली पिशवी उचलली आणि आली तशी गेली. या वेळी इझाबेल तिच्या मागे धावली, अनवाणी, पार एसटीच्या थांब्यापर्यंत. परत आली तेव्हा एकटीच होती.

संध्याकाळी रेजिना माझ्यापाशी आली. माझ्या चौकटीतल्या भोकांवरून तिने हात फिरवला. "मेणबत्ती काय," ती म्हणाली, "पुन्हा पेटवता आली असती."

अशी मी निर्दोष ठरले, मित्रांनो. ज्याची आस धरून बसले होते ते मिळालं, आणि घशाखाली उतरेना.

याला आता काही वर्षं झाली. घरात शेजारचा मार्सेल अभ्यासाला येतो, माझ्यात बसून मोठमोठ्याने विज्ञानाचं पुस्तक वाचतो. त्यातून मला कळलं की त्या दिवसांत खोलीत जे फिरत होतं त्याला विषाणू म्हणतात, ते खोकल्यातून, शिंकेतून, बोलण्यातून, गाण्यातूनसुद्धा हवेत सुटतात, आणि कोंडलेल्या खोलीत रेंगाळत राहतात. वाऱ्याने ते येत नाहीत, उलट पांगतात. लांब खोलीत अजूनही मुली राहतात. पण खाटा कमी आहेत आणि लांब लांब आहेत. कुणी शिंकलं की इझाबेल तिला ओसरीवर झोपवते, तिचा पेला वेगळा ठेवते आणि मला सताड उघडते. थंडीने कुणी कुरकुरलं तर तिच्या अंगावर आणखी एक गोधडी टाकते, पण मला लावत नाही. नाताळच्या आधी खोबरेलाची वाटी घेऊन येते. तेल चोळताना आता ती काही बडबडत नाही, आणि मीही तिला पूर्वीसारखी माझी म्हणत नाही.

तो लाल कंगवा अजून माझ्या फळीवर आहे. झाडताना इझाबेल तो उचलते, पुसते आणि परत तिथेच ठेवते.

तुमच्याही घराला खिडकी असेल. वसतिगृहाला असेल, शाळेला असेल. तिला जपा, तिची कडी ढिली झाली तर आजच बसवा, आणि घरात कुणी खोकायला लागलं तर पहिल्यांदा तिला उघडा. आजाऱ्याची सेवा करा, पण त्याच्याभोवती कोंडाळं करू नका. आणि चुकलात, माणूस आहे, चुकतो, तर आपली चूक त्या मुक्या लाकडावर ढकलू नका. मी सोसते हो, माझं काय! पण ती बाई लेकराच्या काळजीने विचारत होती, कशानं झालं म्हणून. तिला खरं सांगितलं असतं तर तिने घरी जाऊन दार उघडं ठेवलं असतं.